मिठाचा डबा वरच्या फळीवर

१० फेब्रुवारी

नातीने ही वही दिली. म्हणे, आजी, दिवसभर तोंड चालवतेस, त्यापेक्षा लिहून काढ. पेनाला चिंधी गुंडाळून केळीच्या दांड्याएवढं जाड करून आणलं. सातवीतली पोर, अक्कल बघा. तिने आपली अर्धी लिहिलेली इतिहासाची वही मला दिली. पुढे शिवाजी महाराज, मागे मी.

मी चौथी शिकले. अक्षर तेव्हाही वाईट होतं, आता तर मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं आहे. दिवाळीत लकवा मारला. उजवा हात गेला, थोडं तोंड गेलं. तोंड महिन्यात परत आलं. हात नाही आला, नुसती बोटं जराशी हलतात. "हात तोंडना पहिले उना असता ते बरं व्हतं," असं माझा मुलगा योगेंद्र कमलीबाईला हळूच म्हणाला. कमलीबाई आमच्याकडे धुण्याभांड्याला येते. तिने ते मला लगेच सांगितलं. ती कामाला थोडी आळशी आहे, पण सांगायला नाही.

सून भूमिका घरात नसते. सकाळी शहाद्याला, तिथून दुसरी बस, प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडून नंदुरबार. संध्याकाळी परत. पावसाळ्यापासून तिथल्या एका केंद्रात ऑक्युपेशनल थेरपीची मदतनीस व्हायचं शिकते. नाव एवढं लांब की म्हणेपर्यंत चहा निवतो. मी विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणे, ज्याला लकवा झाला, ज्याचं लेकरू उशिरा बसायला लागलं, अशांना आपलं जेवण, कपडे, घरातलं काम आपल्या हाताने करायला शिकवायचं.

वा. घरात लकव्याची बाई खाटेवर, आणि ही लकव्याचं शिकायला पूल ओलांडून जाते. दिवाळीनंतर घरी बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. बसली नाही.

१४ फेब्रुवारी

आज भूमिकाने निळ्या मातीचा गोळा आणला. माती नाही, रबरासारखं काहीतरी. "आई, हे दाबा. मग बोटांनी चिमटे काढा."

मी डाव्या हाताने गोळा अंगणात फेकला. म्हटलं, "मी काय बालवाडीमा शे? मन्हा घरमा तू माले शिकाडी ऱ्हायनी?"

सुनेने सासूला सांगायचं, हात वर करा, हात खाली करा. माझी सासू असती तर गोळ्याबरोबर सुनेलाही फेकलं असतं. भूमिकाने गोळा उचलला, धुतला, पिशवीत टाकला. पुन्हा मला काही सांगायला येणार नाही. जिंकले.

२० फेब्रुवारी

हिचं घराकडे लक्ष उरलेलं नाही. कपाशीची न फुटलेली बोंडं शेतातून आली, ती हिने माझ्या खाटेजवळ आणून ओतली. "दुसरीकडे जागा नाही, आई." अंगण आहे, ओसरी आहे, पण जागा नाही! कमलीबाई एकटी बोंडं फोडत बसली, तिचं फोडणं म्हणजे अर्धा कापूस आतच. मला बघवेना. दुपारभर मीच कापूस ओढत बसले. बोटं पेटली नुसती.

आणि मिठाचा डबा. माझं लग्न झाल्यापासून तो ओट्यावर चुलीच्या बाजूला आहे. हिने उचलून वरच्या फळीवर ठेवला. भाजीत मीठ कमी, डबा वर, आणि घरात कुणी नाही. शेवटी ओट्याला छाती टेकून काढला. मी विचारलं तर म्हणते, "मुंग्या होतात खाली." मिठाला मुंग्या! हे शिकवतात तिथे.

२७ फेब्रुवारी

कुत्रा ओसरीत आला आणि भाकरी घेऊन निघाला. मी पितळी फेकून मारली. नेमकी बसली. भूमिका दारात उभी होती. आधी माझ्याकडे बघितलं, मग पितळीकडे, आणि हसली. सासूची भाकरी गेली की हसू येतं हिला. "कोणत्या हाताने मारली, आई?" म्हणे. हाताने मारली. पायाने मारतात का?

५ मार्च

आज कहर झाला. मी पाणी प्यायला उठले तर ही ओट्याशी. ओढणीने स्वतःचा उजवा हात कमरेला बांधलेला, आणि डाव्या हाताने कांदा चिरते आहे. कांदा पळतो, ही त्याच्यामागे. मग दाताने पिशवीची गाठ सोडायला लागली.

माझी नक्कल! माझ्या घरात, माझ्या पाठीमागे!

मी म्हटलं, "देख ले, बाई. पोट भरी देख ले. तुले बी म्हातारपन येनार शे."

ती दचकली. "आई, नक्कल नाही हो. केंद्रात सांगितलंय, पेशंटला कसं वाटतं ते करून बघा." डोळ्यांत पाणी आलं होतं. कांद्याचं असेल.

योगेंद्रला सांगितलं तर तो म्हणाला, "माय, ती अभ्यास करी ऱ्हायनी." ह्या मुलाला मी जन्म दिला. लकवा तेव्हाच मारला असता तर बरं होतं.

कमलीबाईकडून खरी गोष्ट कळली. एप्रिलच्या शेवटी, आमच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, केंद्रातली मॅडम घरी येणार. भूमिकाने मला आपली 'केस' केलंय. तिने मला विचारलं होतं म्हणे, आणि मी "कर काय करायचं ते" म्हणाले होते. म्हणाले असेन. मी ते रोज दहा जणांना म्हणते. मॅडमला माझ्यात फरक दिसला तर ही पास. पास झाली की त्याच केंद्रात नोकरी. मग रोज जाणार, कायमची जाणार.

आणि मला पाणी कोण देणार? कुत्रा?

तेव्हा ठरवलं. मॅडम आली की हात मांडीवर ठेवायचा आणि हलवायचा नाही. बघू कशी पास होते.

११ मार्च

लेक आली, मयूरी. रनाळ्याला दिली आहे. मला होळीला घेऊन जाते म्हणाली. माझ्याकडे बघून रडली. "माय, तू बोंडं फोडस? लकव्याना हातथीन? आन् वहिनी कोठे शे?"

"वहिनी नंदुरबारले," मी म्हटलं. "लोकेस्ना हात सुधरावाले गयी."

मयूरी भूमिकाला खूप बोलली. भूमिकाने माझी पिशवी भरली. लुगडी, चोळ्या, गोळ्या. पेन आणि वहीसुद्धा घातली. वही कशाला? माझं घर सोडून मला घालवायची एवढी घाई.

१७ मार्च, रनाळे

सुख आहे. मयूरी काडी उचलू देत नाही. भाकरी चुरून, दुधात कालवून तोंडात देते. लुगडं तीच नेसवते, वेणी तीच घालते. दुपारी शेजारणी येतात. मयूरी माझ्या तोंडात घास घालते आणि त्या म्हणतात, लेक असावी तर अशी. मी खाटेवर बसून सगळ्यांना दिसते. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखी. फरक एवढाच की त्याला लोणी मिळतं आणि मला मऊ भात.

२२ मार्च, रनाळे

लिहिता येत नाही. बोटं वळत नाहीत. रनाळ्याची हवा बाधली. उन्हाळ्यातही इथे सकाळी गार असतं.

आज शेंगदाणे सोलते म्हटलं तर मयूरीने सूप ओढून घेतलं. "लोके काय म्हनतीन माय?" मी म्हटलं, लोक काय, शेंगदाणे माझे आहेत. ऐकलं नाही. दुपारी चिमटीत सुपारी धरायला गेले तर खाली पडली. मयूरीने उचलून तोंडात घातली. माझ्या तोंडात. मला इतका राग आला की सुपारी थुंकून टाकली. तिला वाटलं, लकव्यानेच पडली.

२५ मार्च

परत आले. योगेंद्रला फोन करून बोलावलं, मोटरसायकलवर बसून आले. मयूरी रुसली. रुसू दे.

घरी आल्या आल्या पाहते तो काय, मीठ अजून वरच. घरातली सगळी झाकणं घट्ट लावलेली. ज्वारीच्या पिशवीला गाठ, गाठीवर गाठ. भूमिका म्हणते, "उंदीर झालेत." मी माझ्या जन्मात एवढे उंदीर पाहिले नाहीत.

ती माझ्या हाताकडे बघत होती. मुठीत हात घेतला, बोट एक एक सरळ केलं. केंद्रात शिकवलेलं असणार. मी काढून घेतला. जरा वेळाने काढून घेतला.

९ एप्रिल

ह्या घरात आता माणसं राहतात की चोर, कळत नाही. सगळं बांधलेलं, दाबलेलं, वर ठेवलेलं. परवा तर भूमिकाने तुरीची आणि मुगाची डाळ एकाच डब्यात ओतली. शिकलेली बाई! आणि जाताना, "आई, चूक झाली हो, संध्याकाळी निवडते." संध्याकाळपर्यंत डाळ अशी बघत बसायची का मी? सूप घेतलं, निवडली. पिवळी इकडे, हिरवी तिकडे. कमलीबाई म्हणाली, "मावशी, तुम्हना हात ते मन्हापेक्षा भरकन चाली ऱ्हायना." मी म्हटलं, तुझ्यापेक्षा खाटेचा पाय पण भरकन चालतो.

संध्याकाळी मी भूमिकाला म्हटलं, "आखाजी जवळ आली. मांडे कोण करणार? तुझी मॅडम?"

आमच्याकडे आखाजीला खापरावरचे मांडे लागतात. पुरण भरून गोळा हातावर घ्यायचा आणि दोन्ही हातांनी फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा, मग पालथ्या खापरावर टाकायचा. पितरांच्या घागरीपुढे तोच जातो. भूमिकाच्या लग्नाला तेरा वर्षं झाली, हिचा मांडा अजून खापराला लागायच्या आत फाटतो.

"तुम्ही कराल, आई," ती म्हणाली.

म्हणजे थट्टाच की नाही? लकव्याच्या बाईला!

२६ एप्रिल

मयूरी आखाजीसाठी आली. आल्यापासून कपाटं उघडते, डबे हलवते, कमलीबाईला विचारते. मग माझ्यापुढे बसली. "माय, वहिनी तुले जानूनबूजून तरास दी ऱ्हायनी. मीठ वर कसाले? डाळ कसाले मिसळी? तुले कामले लावानं म्हनीसन."

मी म्हटलं, "मूर्ख शे ती, जानूनबूजून नही." पण रात्रभर मीठच डोक्यात.

२८ एप्रिल

आज मॅडम आली. सगळं लिहिते, हात दुखला तरी.

मॅडम तरुण, केस कापलेले, चप्पल बाहेर काढून आत आली, एवढं बरं. भूमिका सकाळपासून पांढरी पडलेली. चहा दोनदा उतू घालवला. मी ठरल्याप्रमाणे खाटेवर, हात पदराखाली.

"आजी, उजवा हात वर करता का?"

मी केला नाही.

"थोडा? खांद्यापर्यंत?"

मी खिडकीबाहेर बघितलं. भूमिका माझ्याकडे बघत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मॅडमने पेन काढलं. तेवढ्यात मयूरी उठली. "मॅडम, हात कसा येईल वर? हिने काय केलंय ते तरी ऐका." आणि एक एक करून सगळं काढलं. बोंडं खाटेजवळ. मीठ फळीवर. गाठी, झाकणं, मिसळलेली डाळ. "लकवा झालेल्या सासूकडून घर चालवून घेते. सेवा करायची सोडून!"

मला वाटलं, मॅडम भूमिकाला झापेल की बोंडं का आणली. पण मॅडमने हळू विचारलं, "हे सगळं तू मुद्दाम केलंस, भूमिका?"

"हो, मॅडम."

"पेनाला चिंधी?"

"तीही."

ही वही! ही वही पण हिचीच! नात नुसती हमाल होती!

माझ्या कानांतून जाळ निघाला. फेब्रुवारीपासून ह्या घरात मी मुंग्यांना, उंदरांना शिव्या देते, आणि उंदीर पदर घेऊन समोर उभा.

मॅडमचा चेहरा कडक झाला. "आजींना सांगितलं होतंस? हे काम कशासाठी आहे, त्यांना करायचंय की नाही?"

"नाही, मॅडम." भूमिका जमिनीकडे बघत होती. "आधी सांगून बघितलं. मी सून आहे. मी सांगितलेलं त्या करणार नव्हत्या. आणि सासूला उठा, करा, असं माझ्याने म्हणवतही नव्हतं. म्हणून डबा वर ठेवला. डब्याला त्या नाही म्हणत नाहीत."

"पेशंटला न सांगता काही करायचं नाही, हे आपण पहिल्याच दिवशी शिकवतो. ही केस मला बाद करावी लागेल. म्हणजे यंदा..." मॅडमने वाक्य पुरं केलं नाही. मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात, लहान पोराशी बोलतात तशी, म्हणाली, "आजी, तुम्हाला फसवलं गेलं. तुम्हाला काहीच माहीत नव्हतं ना?"

मयूरीने मान हलवली. "कसं माहीत असेल? ती भोळी आहे."

भोळी.

कापसाचा व्यापारी काट्यावर गुडघा टेकवायचा, तो मी धरला होता अख्ख्या गावासमोर. जमिनीच्या मोजणीला आलेल्या माणसाला परत पाठवलं होतं मी. आणि माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, ही मला फसलेली म्हणते आणि माझी लेक मला भोळी म्हणते!

मी उठले. ओट्याशी गेले. वरच्या फळीवरून मिठाचा डबा काढला, झाकण फिरवून उघडलं, आणि मॅडमपुढे ठेवला. उजव्या हाताने. थोडं मीठ सांडलं, ते रागाने.

"माझ्या घरात मीठ कुठे आहे, ते मला माहीत नसेल?" मी म्हटलं. "वर ठेव, असं मीच सांगितलं होतं. डाळही मीच मिसळायला लावली. बसून कंटाळा येतो. सून आहे ती माझी, माझ्या सांगण्याबाहेर ह्या घरात काडी हलत नाही."

भूमिकाने वर बघितलं. तोंड उघडं.

मॅडम माझ्याकडे बघत राहिली. तिला पटलं असं मला वाटत नाही. "मग आजी, मघाशी हात वर करा म्हटलं, तेव्हा का नाही केला?"

"नुसता हात वर कशाला करायचा? मी काय शाळेत आहे? मीठ मागा, मीठ देते."

मॅडम हसली. खाली मान घालून बराच वेळ लिहिलं. मग म्हणाली, "भूमिका, पुढच्या पेशंटला तोंडाने सांगायचं. प्रत्येक वेळी अशा आजी भेटत नाहीत."

मयूरी म्हणाली, "पण माय, परवाच ते तू म्हनी..."

"तू चूप बैस," मी म्हटलं. "घरनी गोट बाहेरना मानूसपुढे सांगस? हाईच शिकाडं का मी तुले?"

रात्री भूमिका पाणी घेऊन आली. मी पाणी घेतलं नाही. म्हटलं, माझ्यावर परत काही करायचं असेल तर तोंडाने सांगायचं. पाठीमागून उंदीर सोडायचे नाहीत.

"सांगितलं असतं तर केलं असतं, आई?"

"नाही."

ती खाटेच्या कडेला बसली. पाय चेपायला लागली. मी पाय ओढून घेतला. मग परत दिला, कारण दुखतच होता.

३० एप्रिल, आखाजी

खापर पेटलं. पहिला मांडा उजव्या मनगटावर आला आणि फाटला, पुरण चुलीत. तोंडातून जे निघालं ते पितरांनी ऐकलं असेल. दुसरा जाड झाला, उशीसारखा. तिसरा बरा. घागरीपुढे तोच ठेवला. सासऱ्यांनी जिवंतपणी माझ्या मांड्याला कधी चांगलं म्हटलं नाही, आज तरी तोंड बंद.

मयूरी मदतीला हात पुढे करत होती, मी तिच्या हातावर उलथणं मारलं.

मग भूमिकाला पुढे बसवलं. "कोपर वर. अजून वर. बोटं पसर. मी सांगते ते कर, बालवाडीत आहेस असं समज." तिचा फाटला. दुसराही फाटला. मी म्हटलं, "मॅडमला बोलाव, ही केस बाद कर." ती एवढी हसली की तिसराही गेला.

१४ मे

पास झाली. केंद्रात घेतलं. लहान पोरांच्या खोलीत. आज पहिला दिवस. योगेंद्रने पेढे वाटले, कमलीबाईने चार खाल्ले.

सकाळी माझ्यापुढे उभी राहिली. "आई, चहा झाकून ठेवलाय. दुपारची भाकरी..."

"माझे हात गेलेत का?" मी म्हटलं. "जा. बस जाईल."

गेली. घर एवढं गप्प की कोंबडीचाही राग आला.

भाजी टाकली. मीठ घ्यायला हात वर केला तर फळीवर डबा नाही. खाली बघितलं. ओट्यावर, चुलीच्या बाजूला, जुन्या जागी. झाकण सैल. ज्वारीच्या पिशवीची गाठही सोडलेली. जाताना करून गेली असणार. आपलं काम झालं, आता सासूला त्रास नको म्हणून.

कुणी सांगितलं होतं हिला? पुन्हा न विचारता!

भाजीत मीठ घातलं. डब्याचं झाकण घट्ट लावलं, अगदी घट्ट. मग तो उचलून वरच्या फळीवर ठेवला, मागच्या बाजूला, जिथे भूमिकाचा हात पुरणार नाही.

संध्याकाळी आली की शोधू दे.